फुटली तरी जागा न सोडणारी काच: लॅमिनेटेड कुठं लावावी, कुठं नको

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बंगल्यात आम्ही जिन्यावर काचेचं छत बसवलं होतं. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं आणि शेजारच्या झाडावरचा नारळ थेट त्या काचेवर आला. सकाळी सातलाच घरमालक काकांचा फोन. "काच फुटत न्हाई म्हणालासा न्हवं तुम्ही?"

मी तसं म्हणालो नव्हतो. पण फोनवर वाद घालून काय मिळणार? जाऊन बघितलं. वरच्या काचेला कोळ्याचं जाळं विणावं तसे तडे गेलेले, नारळ कडेच्या पन्हळीत जाऊन बसलेला आणि खाली जिन्याच्या पायरीवर चिमूटभर चकाकता भुगा. बस्स, एवढंच. नारळ पडायच्या थोडं आधी त्यांची नात त्याच जिन्यानं उतरून क्लासला गेली होती. काकांना म्हटलं, काच फुटणारच होती, ती खाली आली नाही याचे पैसे तुम्ही दिले होते.

लॅमिनेटेड काच म्हणजे एवढंच. ती न फुटणारी काच नव्हे, फुटल्यावर जागा न सोडणारी काच. हे एकदा डोक्यात बसलं की कुठं ती लावायची आणि कुठं पैसे वाया घालवायचे नाहीत हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या काचेच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ही काच फुटली तर तुकडे कुठं जाणार? आणि खाली कोण असणार?

आत नक्की काय असतं

दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म. बहुतेक वेळा ती पीव्हीबीची, म्हणजे पॉलिव्हिनाइल ब्युटिरलची. धूळ नसलेल्या बंद खोलीत काच-फिल्म-काच अशी चळत लावतात, रोलरमधून दाबून आतली हवा काढतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये साधारण १४० अंश सेल्सिअसला, हवेच्या दाबाच्या बारा-तेरा पट दाबाखाली ती भाजून काढतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर समजा. आत जाताना दुधट दिसणारी फिल्म बाहेर येते तेव्हा दिसेनाशी झालेली असते.

कल्पना जुनी आहे. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेतली काचेची कुपी पडली. ती तडकली पण विखुरली नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. १९०९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. त्या काळातली फिल्म उन्हानं पिवळी पडायची. पीव्हीबी आल्यावर ते दुखणं गेलं.

टफन काचेशी तिची गल्लत करू नका. गिऱ्हाइकांपैकी निम्मे तरी ती करतात. टफन म्हणजे एकच काच सहाशे अंशांच्या वर तापवून झोतानं झटक्यात थंड केलेली. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत. पण फुटली की सगळीच्या सगळी खडीसाखरेएवढ्या दाण्यांत फुटते आणि चौकट रिकामी. दाणे फार कापत नाहीत, ही तिची सुरक्षितता. तुकडे धरून ठेवणं ही लॅमिनेटेडची. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन टफन काचा घेऊन त्यांचं लॅमिनेशनही करता येतं. तीही भानगड पुढं येतेच.

कुठं लावायची

डोक्यावर काच असेल तर दुसरा विचारच करू नका, लॅमिनेटेडच. जिन्यावरचं छत, चौकावरचं आच्छादन, दुकानाच्या दारावरचा काचेचा पत्रा, सगळीकडे. इथं एक बारकी गोष्ट आहे, जी दुकानदार सहसा सांगत नाहीत. डोक्यावर "टफन-टफन लॅमिनेटेड म्हणजे सगळ्यात भारी" असं समजून लोक तेच मागतात. पण दोन्ही टफन काचा एकदम फुटल्या तर उरतात ते फिल्मला चिकटलेले बारीक दाणे. त्या तुकड्यात ताठपणा काहीच राहत नाही. ओल्या गोधडीसारखा तो मधून लोंबतो आणि वजनानं चौकटीतून निसटूही शकतो. साध्या काचेचं किंवा टफनसारखीच तापवून पण हळू थंड केलेल्या हीट स्ट्रेंदन्ड काचेचं लॅमिनेशन फुटलं तर मोठे तुकडे होतात, एकमेकांत अडकून राहतात आणि ताठ उभे राहतात. काकांच्या जिन्यावर म्हणूनच ६ + १.५२ + ६ एमएम (सहाच्या दोन काचा, मध्ये १.५२ ची फिल्म) साध्या काचेचं बसवलं होतं. ऊन जास्त आणि काच रंगीत असेल तर हीट स्ट्रेंदन्ड घ्या, कारण साधी रंगीत काच अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत राहिली की नुसत्या तापमानाच्या फरकानं तडकते.

बाल्कनी आणि जिन्याची काचेची रेलिंग ही दुसरी जागा. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीकडे आता जिकडेतिकडे दिसते. नुसती १२ एमएम टफन लावून मोकळे होतात. ती फुटली की त्या क्षणी तिथं रेलिंगच नसते. चौथ्या मजल्यावर हे परवडणारं आहे का, तुम्हीच ठरवा. इथं टफन-टफन लॅमिनेटेड बरोबर आहे, पण वरून धातूचा हातकठडा हवा, म्हणजे काच फुटली तरी कठडा तिला धरून राहतो. हातकठडा दिसायला नकोच असेल तर पीव्हीबीऐवजी एसजीपी फिल्म मागा. ती पीव्हीबीपेक्षा कितीतरी ताठ असते, फुटल्यावरही काच उभी राहते. भाव ऐकून बसायला खुर्ची लागेल, तो भाग वेगळा.

दुकानांच्या शोकेससाठी दोन फायदे. गुजरीतल्या सराफाला चोराचा वेळ खाणारी काच हवी असते. लॅमिनेटेडवर हातोडा घातला की तडा जातो, पण हात आत जायला बराच वेळ ठोकत बसावं लागतं आणि आवाज होतो. बुलेटप्रूफ मात्र समजू नका, त्या काचेला अनेक थर असतात. चप्पल लाईनच्या दुकानदारांना दुसरा फायदा महत्त्वाचा. पीव्हीबी उन्हातले अतिनील किरण जवळजवळ सगळे, ९९ टक्क्यांपर्यंत अडवते. शोकेसमधल्या कोल्हापुरीच्या कातड्याचा रंग कमी उडतो. कमी म्हणतोय, उडतच नाही असं नाही, कारण रंग नुसत्या उजेडानं आणि उष्णतेनंही जातो.

जमिनीपर्यंत येणारी मोठी खिडकी, काचेचं दार, बाथरूममधलं पार्टिशन, जिथं माणूस आपटू शकतो तिथं लॅमिनेटेड किंवा टफन यांपैकी एक हवीच. आयएस १६२३१ या भारतीय मानकाचा चौथा भाग खास याच विषयावर आहे, आर्किटेक्टला तो विचारा.

आणि जिथं नको तिथं नको. लोखंडी ग्रील असलेल्या, छातीच्या उंचीवरच्या साध्या बेडरूमच्या खिडकीला लॅमिनेटेड लावून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांना परत पाठवतो. धंदा बुडतो, पण झोप लागते.

आवाज आणि ऊन: अपेक्षा किती ठेवायची

फिल्म काचेचा कंप दाबते, त्यामुळे हॉर्न, बोलणी, मोटरसायकलचा फटफटाट यांत फरक जाणवतो. महाद्वार रोडवरच्या एका गिऱ्हाइकानं मात्र गणपतीच्या मिरवणुकीसाठी म्हणून काच बदलून घेतली. डीजेच्या ढोलकीचे ठोके छातीत बसतात ते जाड भिंतीलाही जुमानत नाहीत, काचेची काय कथा? त्याला आधीच सांगितलं होतं, तरी विसर्जनाच्या रात्री फोन आलाच. दुसरं असं की स्लायडिंग खिडकीच्या फटीतून वारा येत असेल तर आवाजही तिथूनच येतो. काचेआधी रबर आणि ब्रश बदला. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यातच होतं.

उन्हाचंही तसंच. पारदर्शक लॅमिनेटेडनं अतिनील अडतात, उष्णता नाही. पश्चिमेची खोली तापते ती तापणारच. त्यासाठी रिफ्लेक्टिव्ह किंवा टिंटेड काच लागते.

ऑर्डर देताना

जाडी बोलण्याची आमची रीत अशी: ५ + १.५२ + ५. म्हणजे पाच एमएमच्या दोन काचा आणि मध्ये १.५२ एमएम फिल्म. फिल्म ०.३८ च्या पटीत येते: ०.३८, ०.७६, १.१४, १.५२. घरगुती खिडकीच्या दोन साध्या काचांना ०.३८ किंवा ०.७६ पुरते. टफन काचा तापवताना किंचित लाटदार होतात, म्हणून त्यांच्यामध्ये १.५२ हवी. पातळ घातली तर कडेला चिकटायची राहते आणि वर्षा-दोन वर्षांत फुगे दिसतात. पैसे वाचवण्याची सगळ्यात वाईट जागा हीच. बिलावर "१२ एमएम लॅमिनेटेड" एवढंच लिहून घेऊ नका. काच किती, फिल्म किती, कोणती फिल्म, काच साधी का टफन, हे चारही लिहून घ्या.

वजन आधी काढा. काचेचं वजन चौरस मीटरला, जाडीच्या दर एमएमला अडीच किलो. सहा फूट बाय चार फूट म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. ५ + १.५२ + ५ ची काच झाली तर ५६ किलो, फिल्म धरून साठाच्या घरात. तुमच्या जुन्या स्लायडिंगचे रोलर हे पेलतील का? जिन्यावरून वर नेणार कोण? साठ किलोच्या काचेला चार माणसं आणि व्हॅक्यूम कप लागतात, दोन पोरं नाहीत.

माप तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये, खाली. उंचीही तशीच तीनदा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर चौकट काटकोनात नाही, हे गवंड्याशी भांडायचं कारण आहे, काच तिरकी कापायचं नाही. सगळ्यात लहान मापातून प्रत्येक बाजूला चार-पाच एमएम सोडून काचेचं माप द्या. टफन असलेली काच एकदा भट्टीतून आली की तिला ना कापता येतं ना भोक पाडता येतं. कडी, बिजागरी, हँडल, सगळ्यांची भोकं आधी कागदावर. आणखी एक, बिल बहुतेक ठिकाणी पुढच्या तीन किंवा सहा इंचांत धरून करतात. २५ इंचांची काच घेताना भरताय २७ किंवा ३० चे पैसे. खिडकीच एक इंच लहान करता आली तर करा.

माल आल्यावर तपासायचा कसा

उतरवून घेण्याआधी कड बघा. दोन हिरव्या पट्ट्या आणि मधोमध केसासारखी रेघ दिसली की लॅमिनेटेड. बोटाच्या पेरानं ठोकलं तर साधी काच टण् वाजते, ही ठक् करते. टफन आहे का हे बघायचं तर पोलरॉइड गॉगल घालून काचेतून सकाळच्या आभाळाकडे बघा, बिबट्याच्या अंगावरचे ठिपके दिसतात.

मग आयएसआय मार्क. इमारतीच्या सुरक्षा काचेचं मानक आयएस २५५३ भाग १. मार्कसोबत सीएम/एल नंबर, म्हणजे परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव उघडतं. मोठ्या शीटमधून कापून दिलेल्या तुकड्यावर शिक्का येईलच असं नाही, तिथं बिल आणि कारखान्याचं सर्टिफिकेट मागा.

काच उभी धरून मागे पांढरा कागद धरा. फुगे, केस, धूळ, कडेला पांढुरकेपणा, दोन काचा एकमेकींवरून सरकलेल्या, यातलं काही दिसलं तर गाडी परत.

शंका असेल तर उकळून बघा. चेष्टा नाही. मानकातच उकळण्याची चाचणी आहे. त्याच मालाचा वीतभर तुकडा मागून घ्यायचा, आधी गरम पाण्यात ठेवायचा आणि मग उकळत्या पाण्यात दोन तास. कडेपासून अर्ध्या इंचापर्यंत फुगा आला तर चालतो, त्याच्या आत आला तर चिकटवण खराब. एका नव्या पुरवठादाराच्या मालाची ही चाचणी मी घरी केली, आणि हाताला लागलं ते पातेलं आईचं पांढऱ्या रश्श्याचं निघालं. तुकड्याच्या मधोमध साबुदाण्यासारखे फुगे आले. त्या पुरवठादाराकडून मी माल घेतला नाही, आणि आईनं त्या पातेल्यात पुन्हा रस्सा केला नाही.

आसपासच्या छोट्या कारखान्यांत ऑटोक्लेव्हऐवजी व्हॅक्यूमच्या भट्टीत ईव्हीए नावाच्या वेगळ्या फिल्मचं लॅमिनेशन करतात. ते वाईट नसतं, उलट ओल्याला ते पीव्हीबीपेक्षा जास्त टिकतं. मध्ये कापड, जाळी घालून शोभेच्या काचा करायला तेच बरं. फक्त पीव्हीबीच्या नावावर ते विकू देऊ नका.

बसवताना, आणि माझी चूक

लॅमिनेटेडचा शत्रू दगड नव्हे, पाणी. कड उघडी राहिली आणि तिथं पाणी साचत राहिलं की फिल्म ओल ओढते, कडेपासून पांढरी होत जाते आणि मग सुटते. याला डिलॅमिनेशन म्हणतात. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर त्याला पुरेसा आहे.

धंद्यात नवीन असताना कळंब्याच्या एका घरात मी बारा काचा बसवल्या आणि सगळ्यांना हाताशी होतं ते स्वस्तातलं सिलिकॉन मारलं. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वहिनींनी बोलावून दाखवलं, प्रत्येक काचेला चारही बाजूंनी बोटभर पांढरी किनार. त्या सिलिकॉनमधून सुटणारं अॅसिटिक अॅसिड फिल्मला खातं. बाराही काचा माझ्या खिशातून बदलल्या. तेव्हापासून न्यूट्रल सिलिकॉन सोडून काही नाही. जवसाच्या तेलातली लांबी (पुट्टी) सुद्धा नको, तेल फिल्ममध्ये उतरतं.

बाकीचं थोडक्यात. काच चौकटीच्या तळाला टेकवायची नाही, खाली दोन रबरी ठोकळे, दोन्ही टोकांपासून रुंदीच्या पाव भागावर. लाकडाची पाचर नको, ती फुगते. चौकटीला खाली पाणी जायला भोकं हवीत आणि पेंटरनं ती बुजवलेली नाहीत हे बघायला हवं. छताच्या काचेला फुटाला किमान इंचभर उतार. सपाट ठेवलेल्या काचेवर पाणी, पालापाचोळा आणि कावळे तिन्ही मुक्काम करतात.

नदीकाठच्या लोकांसाठी वेगळं. पंचगंगेला पूर आला की शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या भागात तळमजल्याच्या काचा दिवसचे दिवस पाण्यात राहतात. पूर ओसरला की आधी पाण्याचा पाइप मारून गाळ काढा, फडका नंतर, नाहीतर वाळूनं काच ओरखडते. मग चौकटीतली भोकं तारेनं मोकळी करा. कडा लगेच चांगल्या दिसतील, पण पांढरेपणा काही महिन्यांनी येतो. तळमजला पुरात जातोच असा अनुभव असेल तर तिथं मुळातच टफन बसवा.

गाडीची काच

मोटारीची पुढची काच कायद्यानंच लॅमिनेटेड असते, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १००. त्याच नियमात पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड यायला हवा असं आहे. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन.

उसाच्या ट्रॉलीमागून जाताना खडा उडाला आणि चांदणी पडली तर लगेच वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत धूळ-पाणी जाऊ देऊ नका आणि तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडू नका. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर रेझिन भरून भागतं. काच बदलली तर चिकटवण वाळेपर्यंत गाडी हलवू नका. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडते ती याच काचेवर रेलून.

आता दुसरी बाजू. काही नव्या, महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात. शांतता मिळते, चोरी अवघड होते. पण गाडी पाण्यात गेली तर आपत्कालीन हातोडीनं ती काच निघत नाही. नुसती तडकते. पुराच्या पाण्यातून गाडी घालायची आपल्याकडे खोड आहे, म्हणून आजच खाली जाऊन काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. कोणत्या काचेवर टेम्पर्ड, म्हणजे टफन, लिहिलंय ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. इमारतीतही हेच. प्रत्येक मजल्याला निदान एक खिडकी उघडणारी ठेवा, सगळ्या लॅमिनेटेड आणि सगळ्या फिक्स असल्या तर आगीच्या वेळी बाहेरच्यांना आत आणि आतल्यांना बाहेर येता येत नाही. साधी लॅमिनेटेड आगीला थोपवतही नाही, फिल्म जळते.

फुटल्यावर

घाबरून लगेच उपसायला जाऊ नका. खालून माणसांची ये-जा बंद करा. तड्यांवर बाहेरून रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावा, म्हणजे पाणी आत जात नाही आणि बारीक कपच्या झडत नाहीत. एकच थर तडकला असेल तर नवी काच येईपर्यंत ती तशी राहते. काकांची नऊ दिवस राहिली, त्यात दोनदा पाऊस झाला, खाली थेंब नाही.

काढताना हातमोजे, गॉगल आणि चार माणसं. फुटलेल्या काचेचंही वजन तेवढंच असतं, पण ती वाकते आणि हाताचा अंदाज चुकतो. आम्ही काकांची ती काच खाली उतरवून कंपाउंडला टेकवून ठेवली. भंगारवाला आला, बघून गेला. साध्या काचेचे तो पैसे देतो. ही न्यायला त्यानं उलट आमच्याकडेच हमाली मागितली. "मालक, फिल्म सुटत न्हाई हिची," म्हणाला.